‘७० टक्के प्लेसमेंट’चं पुढे काय? सरकारी रोजगार-प्रशिक्षण योजना उपयोगी पडली की नाही, हे तपासायची पद्धत

कौशल्य केंद्राच्या दारावर ‘७० टक्के प्लेसमेंट’ असा फ्लेक्स लागलेला असतो. तो आकडा खोटाच असतो असं नाही. बऱ्याचदा तो अगदी खरा असतो, आणि तरीही त्यावरून कोर्सचा उपयोग झाला की नाही हे कळत नाही. नोकरीला लागलेल्यांपैकी किती जण कोर्स न करताही त्याच एमआयडीसीत, त्याच ठेकेदाराकडे लागले असते? फ्लेक्स याबद्दल गप्प असतो. कोर्स करणाऱ्या मुलाची माहिती सगळेच देतात. अर्ज करून नंबर न लागलेल्या दुसऱ्या मुलाचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या मुलाला शोधण्याबद्दल आहे.

संस्थेतले कार्यकर्ते, जिल्ह्याच्या ठिकाणचे पत्रकार, समाजकार्य किंवा अर्थशास्त्राचे विद्यार्थी आणि योजना राबवणारे अधिकारी, यांपैकी कुणालाही हे काम जमेल. गणित दहावीचं पुरे. चिकाटी मात्र थोडी जास्त लागते, कारण निम्मं काम फोनवर होतं.

आधी भागाकार तपासा

समजा, एका केंद्रात १२० जणांची नोंदणी झाली. १०० जण शेवटपर्यंत आले. ८० जण परीक्षा पास झाले. त्यातल्या ५६ जणांना ऑफर लेटर मिळालं. सहा महिन्यांनी ३० जण कामावर होते.

फ्लेक्सवरचे ७० टक्के म्हणजे ५६ भागिले ८०. नोंदणीवर काढाल तर ते ४७ टक्के होतात. सहा महिने टिकलेले धरले तर २५ टक्के. तिन्ही आकडे खरेच आहेत. म्हणून अहवाल हातात आला की टक्केवारी बाजूला ठेवा आणि ही शिडी मागा: नोंदणी, हजेरी, परीक्षा, प्रमाणपत्र, नेमणूक, टिकलेले. कुठल्या पायरीवर माणसं गळतात त्यावर पुढचे निम्मे प्रश्न ठरतात. मध्येच कोर्स सोडलेला प्रत्येक जण नालायक निघाला, असंही समजू नका. चांगली नोकरी मिळाली म्हणून दुसऱ्या महिन्यात गेलेला मुलगा केंद्राच्या वहीत ‘ड्रॉपआउट’ असतो.

पैसे कुठल्या पायरीवर सुटतात तेही पाहा. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या २०१६ नंतरच्या टप्प्यात प्रशिक्षण संस्थेला बॅच सुरू झाली की ३० टक्के, प्रमाणपत्रं झाली की ५० टक्के आणि नेमणुका दाखवल्या की उरलेले २० टक्के अशी रचना होती. म्हणजे कुणाला नोकरी लागायच्या आधीच ८० टक्के रक्कम सुटलेली. केंद्रचालकाला दोष देण्याआधी हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवा. तो जिथे पैसे आहेत तिथे जोर लावणार. उलट टोकाचा अनुभव अमेरिकेतल्या १९८० च्या दशकातल्या जेटीपीए या सरकारी रोजगार-प्रशिक्षण कार्यक्रमात आला. तिथे प्रशिक्षणार्थी ज्या दिवशी कार्यक्रमातून ‘बाहेर पडला’, त्या दिवशी त्याला नोकरी आहे का, यावर केंद्राचं मूल्यमापन व्हायचं. मग नोकरी न लागलेल्यांना कागदोपत्री बाहेरच पडू द्यायचं नाही, हा मार्ग केंद्रांनी शोधला.

‘नेमणूक’ म्हणजे काय, हेही आधीच ठरवा. ऑफर लेटर हा कागद आहे, नोकरी नव्हे. ग्रामीण तरुणांसाठीच्या दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत किमान तीन महिने काम केलं तरच नेमणूक धरतात, हा नियम निदान विचार करून केलेला आहे. ‘स्वयंरोजगार’ हा रकाना मला कायम संशयास्पद वाटतो. घरात आधीपासून असलेल्या शिलाई मशीनशेजारी उभं राहून काढलेला फोटो त्यात आरामात बसतो.

आकडे मिळत नसतील तर माहिती अधिकार आहे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘योजना यशस्वी झाली का’ असं विचाराल तर ‘होय’ एवढंच उत्तर येईल. बॅचनिहाय नोंदणी, हजेरी, उत्तीर्ण, नेमणूक आणि तीन महिने टिकलेले, अशा पाच संख्या मागा. नावं मागू नका. ती वैयक्तिक माहिती म्हणून नाकारली जातील आणि त्याबरोबर सगळा अर्जच लटकेल.

प्रश्न एका वाक्यात, माहिती हाती येण्याआधी

आता एक खरी योजना घेऊ. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. १८ ते ३५ वयाचे तरुण सरकारी कार्यालयांत किंवा खासगी आस्थापनांत सहा महिने काम शिकणार. दरमहा विद्यावेतन बारावी पास असेल तर ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविका असेल तर ८,००० आणि पदवीधर असेल तर १०,०००. पुढे मुदत पाच महिन्यांनी वाढून ११ महिन्यांची झाली, आणि ‘आम्हाला कायम करा’ अशी मागणी घेऊन प्रशिक्षणार्थी रस्त्यावर आले.

‘या योजनेचा फायदा झाला का?’ हा प्रश्न मोजता येत नाही. मोजता येईल असा प्रश्न असा असतो: ‘योजनेत निवड झालेल्यांपैकी किती जण मुदत संपल्यावर एका वर्षाने, शासनाचं विद्यावेतन न घेता, पगारी काम करत होते, आणि तशाच पण निवड न झालेल्या अर्जदारांपैकी किती?’ यात कोण, काय, केव्हा आणि कुणाच्या तुलनेत, हे चारही आलं. ‘विद्यावेतन न घेता’ हे शब्द गाळले तर योजना चालू असताना फोन करून ‘९० टक्के कामावर’ असं छापता येतं. ते काम म्हणजे योजनाच असते; तिच्यामुळे पुढे काय झालं हे त्यात येत नाही.

कामाची व्याख्या स्वतः बनवत बसू नका. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण २०१७ पासून चालू आहे. ‘गेल्या सात दिवसांत निदान एक तास काम केलं का’ हा त्यातल्या व्याख्यांपैकी एकीचा गाभा. तोच प्रश्न जसाच्या तसा उचलला की तुमचा आकडा राज्याच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. एक तास हा निकष फार ढिला वाटतो ना? मलाही वाटतो. म्हणून त्याच्या जोडीला दिवस, तास आणि हातात येणारी रक्कम विचारायची.

प्रश्न कागदावर लिहा, तारीख टाका आणि त्याची एक प्रत कामाशी संबंध नसलेल्या माणसाकडे ठेवा. नंतर निकाल फिका निघाला की मोह होतो: फक्त मुलींचं बघू, फक्त आयटीआयवाल्यांचं, फक्त अमुक तालुक्याचं. असे वीस तुकडे पाडले तर त्यातला एखादा निव्वळ योगायोगाने चमकतोच.

‘आधी-नंतर’ची तुलना का फसते

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे कोर्सआधीची कमाई आणि कोर्सनंतरची कमाई. पण बाविशीतल्या मुलाची कमाई पुढच्या दोन वर्षांत बहुतेक वेळा वाढतेच, कोर्स असो वा नसो. शिवाय माणूस कोर्सला येतो केव्हा? काम सुटलं, गोदाम बंद पडलं, ऊसतोडीचा हंगाम संपला की. म्हणजे तुमचं ‘आधी’ त्याच्या आयुष्यातल्या खड्ड्यात मोजलेलं असतं, आणि खड्ड्यातून माणूस पुष्कळदा आपणहून वर येतो. ऑर्ली ॲशेनफेल्टर या अर्थशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये अमेरिकेतल्या प्रशिक्षणार्थींच्या कमाईत हा खड्डा दाखवला. तेव्हापासून त्याला ‘ॲशेनफेल्टरचा खड्डा’ म्हणतात. एका सर्वेक्षणात एक ताई मला म्हणाल्या होत्या, “रिकामी होते म्हणून तर आले.” एवढ्या पाच शब्दांत सगळा मुद्दा आला.

मग दुसरी पद्धत: कोर्स न केलेल्या गावातल्या इतरांशी तुलना. तीही का फसते, याचा सगळ्यात चांगला धडा सत्तरच्या दशकातल्या अमेरिकेतला आहे, आणि तो नीट बघण्यासारखा आहे.

नॅशनल सपोर्टेड वर्क नावाच्या कार्यक्रमात तुरुंगातून सुटलेले, व्यसनातून बाहेर आलेले, शाळा सोडलेले तरुण आणि वर्षानुवर्षं सरकारी मदतीवर जगणाऱ्या आया, अशा लोकांना काही काळ देखरेखीखाली काम दिलं गेलं. कुणाला काम मिळणार आणि कुणाला नाही, हे चिठ्ठ्यांसारख्या सोडतीने ठरलं. त्यामुळे दोन्ही गट सुरुवातीला सारखे होते आणि पुढचा फरक कार्यक्रमामुळेच पडला असं म्हणता येत होतं. १९८६ मध्ये रॉबर्ट लालॉन्ड यांनी एक खोडकर प्रयोग केला. सोडतीत बाहेर राहिलेल्यांना त्यांनी बाजूला काढलं आणि त्यांच्या जागी देशव्यापी सर्वेक्षणांतली सर्वसाधारण माणसं तुलनेला घेतली. आपण ‘गावातले इतर लोक’ घेतो तसंच. मग त्या काळी प्रचलित असलेल्या सांख्यिकी पद्धती वापरून खरं उत्तर परत येतं का, ते पाहिलं.

बहुतेक वेळा आलं नाही. या माहितीतला जो भाग आजही वर्गांत शिकवायला वापरतात, त्यात कार्यक्रमातले १८५ पुरुष आहेत आणि सोडतीत बाहेर राहिलेले २६०. सोडतीच्या तुलनेत १९७८ सालच्या कमाईत सुमारे १,८०० डॉलरची वाढ दिसते. त्याच १८५ जणांची एका राष्ट्रीय सर्वेक्षणातल्या पुरुषांशी सरळ तुलना केली की सुमारे १५,००० डॉलरची घट दिसते. माणसं तीच, कार्यक्रम तोच, वर्ष तेच. फक्त शेजारी कुणाला उभं केलं यावर फायद्याचा तोटा झाला.

आपल्याकडे चूक बहुधा उलट्या दिशेने होते. कोर्सला येणारी मुलं गावातल्या इतरांपेक्षा धडपडी असतात, फॉर्म भरतात, तालुक्याला जायची त्यांची तयारी असते. त्यांची तुलना पारावर बसलेल्यांशी केली की कोर्स नसतानाही ‘फायदा’ दिसणार.

दुसरा मुलगा कुठे सापडतो

पहिली आणि सर्वांत चांगली जागा म्हणजे सोडत. जागा ६० आणि पात्र अर्ज २०० असतील तर कुणाला तरी नाही म्हणावंच लागतं. मग आधी आला त्याला, किंवा ज्याचा वशिला त्याला, यापेक्षा चिठ्ठी बरी. म्हाडाची घरं आणि आरटीईचे प्रवेश आपल्याकडे सोडतीने होतातच, त्यामुळे ‘गरिबांवर प्रयोग करता का’ या आक्षेपाला उत्तर तयार आहे. अट एकच: आधी पात्रता तपासा, मग सोडत काढा. सोडतीनंतर ‘हा मुलगा कोर्सच्या लायकीचा नाही’ म्हणून नाव बदललं की सोडत मेली.

आणि गणती करताना नंबर लागलेले सगळे धरायचे, आलेले असोत वा नसोत. न आलेल्यांना तुलनेच्या गटात ढकलणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

दुसरी जागा प्रतीक्षा यादी. पुढच्या बॅचची मुलं या बॅचसाठी तुलनेला येतात, पण त्यांची बॅच सुरू होईपर्यंतच. शिवाय ‘पुढच्या महिन्यात कोर्स आहे’ म्हणून ती हातातलं काम नाकारत असतील तर तुमचा फरक फुगतो. हे विचारून घ्या.

तिसरी जागा पात्रतेची रेघ. युवा कार्य प्रशिक्षणाची वयोमर्यादा ३५. साडेचौतीसचा आणि साडेपस्तीसचा माणूस इतर बाबतींत सारखेच. एक आत, एक बाहेर. रेघेच्या अगदी जवळचे दोन्हीकडचे लोक घेऊन तुलना करता येते. मात्र मिळणारं उत्तर पस्तिशीच्या माणसाबद्दलचं असतं, बाविशीच्या मुलीबद्दलचं नाही, आणि त्या वयाचे अर्जदारही थोडेच. मग बारावीची रेघ का नको? ३५ टक्क्यांना पास आणि ३३ ला नापास, हेही शेजारीच. पण बारावी पास झाल्यावर या योजनेबरोबर पोलीस भरतीचं दारही उघडतं. फरक दिसला तर तो कशामुळे, हे सांगता यायचं नाही. रेघ वापरायची तर त्या रेघेवर दुसरं काही बदलत नाही ना, हे आधी बघायचं.

चौथी जागा म्हणजे योजना एका तालुक्यात आधी आणि दुसऱ्यात नंतर सुरू झालेली असणं. दोन्हीकडचा आधीपासूनचा कल सारखा होता हे दाखवता आलं तरच ही तुलना चालते. एका तालुक्यात नवा कारखाना आला असेल तर विषय संपला.

किती माणसं हवीत

इथे बहुतेक छोट्या अभ्यासांचा पाय घसरतो. एक ढोबळ नियम सांगतो. कामावर असलेल्यांचं सरासरी प्रमाण घ्या (४५ टक्के असेल तर ०.४५). त्याला एकातून ते वजा करून गुणा, मग १६ ने गुणा, आणि जेवढा फरक पकडायचा आहे (दहा टक्के असेल तर ०.१०) त्याच्या वर्गाने भागा. येईल तेवढी माणसं प्रत्येक गटात हवीत.

४० टक्क्यांवरून ५० टक्के, असा दहा टक्क्यांचा फरक पकडायला प्रत्येक गटात सुमारे ४०० माणसं लागतात. पाच टक्क्यांचा पकडायला जवळपास १,६००. तीनचा पकडायला ४,३०० च्या पुढे.

आता खऱ्या आयुष्यात फरक किती असतो? जागतिक बँकेचे डेव्हिड मॅकेन्झी यांनी २०१७ मध्ये विकसनशील देशांतले अभ्यास एकत्र पाहिले. व्यवसाय प्रशिक्षणामुळे रोजगारात पडलेला सरासरी फरक २.३ टक्के अंकांचा निघाला. म्हणजे १०० जणांना कोर्स दिला तर एरवी बेकार राहिले असते असे दोन-तीन जण कामाला लागले. ७० टक्के प्लेसमेंट आणि २.३ टक्क्यांचा फरक ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात, कारण बाकीचे कधी ना कधी लागणारच होते.

नंबर लागलेल्यांपैकी निम्मेच कोर्सला आले तर गटाचा फरक निम्मा होतो आणि लागणारी माणसं चौपट. ६० जणांच्या एका बॅचवरून ‘योजना फसली’ किंवा ‘योजना गाजली’ असं लिहिणारे अहवाल मी बाजूला ठेवतो. तेवढ्या माणसांत योजना फसली काय आणि गाजली काय, दिसणारच नाही. अशा वेळी दोन-तीन वर्षांच्या बॅचेस एकत्र करा, नाहीतर सरळ सांगा की आम्ही परिणाम मोजला नाही, अंमलबजावणी पाहिली. तेही मोलाचं काम आहे. हजेरीपटावरच्या सह्या एकाच पेनाने एकाच बैठकीत झाल्यात का, बारा मशीनपैकी किती चालू आहेत, शिकवणारा बदलला किती वेळा, हे पाहायला सांख्यिकी लागत नाही. आणि कोर्स झालाच नसेल तर परिणामाचा प्रश्नच येत नाही.

फोन

अर्ज भरतानाच प्रत्येकाकडून तीन नंबर घ्या: स्वतःचा, घरातला एक आणि गावातला न हलणारा एक. किराणा दुकान, आशाताई, मामा, कुणीही. वर्षभरात सिम बदलतं, मुलीचं लग्न होतं, तिचा फोन नवऱ्याकडे जातो. मामाचा नंबर तेवढा राहतो.

फोन करणारे केंद्राचे नकोत. एकदा एका केंद्राने मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं, ‘बाहेरून फोन आला तर कामावर आहे म्हणा.’ तिसऱ्या फोनला लक्षात आलं, कारण सगळे एकाच चालीत बोलत होते. तेव्हापासून ‘काम करता का?’ हा माझा पहिला प्रश्न नसतो.

“दादा, काल कुठल्या शिफ्टला होतात?”

“काल… काल सुट्टी होती.”

“बरं. पगार कितवीला होतो तुमच्याकडे? बँकेत येतो की ठेकेदार हातात देतो?”

खरोखर कामावर असलेला मुलगा इथे थांबत नाही. तो ठेकेदाराला शिव्या घालायला लागतो. ‘सुट्टी होती’ हेही लगेच खोटं धरू नका. भोसरी-पिंपरीकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि रविवारी सकाळी अकराला फोन केलात तर तो माणूस मशीनवर असतो.

पगार विचारताना ‘पगार किती?’ असं विचारलं की ऑफर लेटरवरचा आकडा येतो. ‘कट होऊन हातात किती येतो?’ असं विचारा. पीएफ, ईएसआय, कँटीन, कंपनीची बस आणि खोलीभाडं गेल्यावर १४,००० चे ९,००० सहज होतात. त्याच पैशात गावी राहून कुणी ट्रॅक्टर चालवत असेल, तर मुलं दोन महिन्यांत पुण्याहून परत का येतात, याचं उत्तर फोनवरच मिळतं.

नंबर न लागलेल्यांना फोन करणं जास्त अवघड. “कोर्सचं बोलताय ना? मग आता लागणार का माझा नंबर?” असं पलीकडून येतं. खोटी आशा दाखवू नका. पाच मिनिटं मागा आणि वेळेबद्दल रिचार्जपुरते पैसे द्या, दोन्ही गटांना सारखेच. प्रयत्नही सारखेच हवेत. कोर्सवाल्यांना सहा वेळा फोन आणि इतरांना दोन वेळा, असं झालं की खेळ बिघडतो. का, ते आकड्यांत पाहा. दोन्ही गटांत २०० जण. कोर्सच्या गटातले १८० सापडले आणि त्यातले ९० कामावर, म्हणजे ५० टक्के. दुसऱ्या गटातले १३० सापडले, ५२ कामावर, म्हणजे ४० टक्के. दहा टक्क्यांचा फायदा! पण न सापडलेल्यांबद्दल वाईटात वाईट समज करा: कोर्सचे हरवलेले २० बेकार, दुसऱ्या गटातले हरवलेले ७० कामावर (म्हणून तर फोन उचलत नसतील). मग कोर्स ४५ टक्के, दुसरा गट ६१ टक्के. उलट समज केलीत तर ५५ विरुद्ध २६. उत्तर वजा १६ पासून अधिक २९ पर्यंत कुठेही असू शकतं. हा हिशेब अहवालात स्वतःहून छापा. इतरांच्या अहवालात तो नसेल तर किती जण सापडले, एवढा एकच आकडा विचारा.

कुणाची तरी खुर्ची गेली का?

एमआयडीसीत ४० जागा आहेत. तुमच्या कोर्सची ४० मुलं लागली. कोर्स नसता तर दुसरी ४० लागली असती. तुलनेच्या गटापेक्षा तुमची मुलं पुढे दिसतील, तालुक्यात मात्र एकही नोकरी वाढलेली नसेल.

फ्रान्समध्ये हे मुद्दाम मोजलं गेलं. निदान दोन वर्षांचं महाविद्यालयीन शिक्षण झालेल्या बेरोजगार तरुणांना नोकरी शोधायला मदत करायची होती. ब्रुनो क्रेपाँ, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातले २३५ भाग घेतले. सोडतीनेच ठरवलं की काही भागांत कुणालाच मदत द्यायची नाही, काहींत पाव तरुणांना, काहींत निम्म्यांना, काहींत पाऊण, काहींत सर्वांना. २०१३ मध्ये निकाल छापून आला. मदत मिळालेल्यांना आठ महिन्यांनी थोडा फायदा झालेला दिसला, तो पुढे विरला. आणि त्यातला काही भाग त्याच भागातल्या मदत न मिळालेल्यांच्या खर्चाने आला होता. जिथे नोकऱ्या आधीच कमी, तिथे हे जास्त. रांग तेवढीच राहिली, तिच्यातले नंबर हलले.

युवा कार्य प्रशिक्षणासाठी हा प्रश्न कार्यालयातच विचारायचा: हा प्रशिक्षणार्थी नसता तर ही नोंद कोण करत होतं? कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटरची जागा गेल्या वर्षी भरली होती का, आणि यंदा? आस्थापना विभागातला कारकून हे पाच मिनिटांत सांगतो, तेही न विचारता चहा पाजून.

काम देणाऱ्या योजनांचा हिशेब वेगळा

रोजगार हमी ही आपलीच देणगी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये सांगलीच्या तासगाव तालुक्यात प्रयोग, १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसारा, १९७७ मध्ये कायदा. इथे ‘कामाला किती लागले’ हे मोजायचंच नसतं, कारण योजनाच काम देते. मोजायच्या त्या दोन गोष्टी.

एक, मजूर कामावर आला तेव्हा तो दुसरी कोणती कमाई सोडून आला? गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हालियन यांनी सोलापूरचं शिरापूर आणि अकोल्याचं कानझरा या गावांच्या माहितीवरून हे काढलं. मजुरीचा साधारण पाव हिस्सा सोडलेल्या कमाईत जात होता. म्हणजे १०० रुपये मजुरीत घरात खरी भर सुमारे ७५ ची. बांधावर उभ्या असलेल्या मुकादमाने हा अंदाज तोंडी सांगितला असता, पण त्यावर कुणी विश्वास ठेवला नसता.

दोन, मागणाऱ्या प्रत्येकाला काम मिळालं का? १९८८ मध्ये किमान वेतनाबरोबर रोहयोची मजुरी जवळपास दुप्पट झाली आणि त्यानंतर कामाचे दिवस घटले. हमी कायद्यात राहिली, पण कामं कमी निघू लागली. म्हणून मजुरीपत्रकाबरोबर काम मागितल्याची पावती असलेले आणि पावतीच न दिलेले, दोन्ही लोक शोधा. पावती न दिलेले सरकारी आकड्यांत कुठेच नसतात.

एका जास्तीच्या नोकरीची किंमत

खर्चाचा हिशेब केंद्रं ‘प्रति प्रशिक्षणार्थी’ देतात. तुम्ही तो फरकाने भागा. एका मुलावर २०,००० रुपये खर्च आणि फरक तीन टक्क्यांचा असेल, तर एका जास्तीच्या नोकरीला ६ लाख ६७ हजार रुपये पडले. फरक आठ टक्के असेल तर अडीच लाख. हा आकडा बैठकीत ठेवला की शांतता पसरते. पण तो एकटा ठेवू नका. विद्यावेतन हा तिजोरीचा खर्च असला तरी तो मुलांच्या खिशात गेलेला आहे, त्याला वाया गेलेल्या पैशाशेजारी बसवणं चूक. आणि पगार वाढला असेल तर नोकऱ्यांची संख्या तेवढीच राहूनही फायदा असतो.

निकाल लिहिताना अंदाजाबरोबर त्याची कक्षा द्या. ‘फरक ६ टक्के, पण खरा आकडा वजा १ ते अधिक १३ मध्ये कुठेही असू शकतो’ याचा अर्थ ‘उपयोग सिद्ध झाला नाही’ असा होतो. ‘उपयोग नाही’ असा होत नाही. वर्तमानपत्रात मथळा दुसराच लागतो, त्यामुळे ही ओळ पहिल्याच पानावर टाका.

मोजायचं केव्हा

कोर्स चालू असताना मुलं काम शोधत नाहीत, म्हणून पहिल्या काही महिन्यांत कोर्सवाले मागेच दिसतात. डेव्हिड कार्ड, योहेन क्लूव्ह आणि आंद्रेया वेबर यांनी जगभरातले २०० हून जास्त अभ्यास एकत्र मांडले. सरासरी परिणाम पहिल्या वर्षात शून्याच्या आसपास, आणि दोन-तीन वर्षांनी जास्त चांगला निघाला. तीन महिन्यांत निकाल मागणारा अधिकारी चांगल्या योजनेलाही नापास करेल. याच्या उलटही होतं. अमेरिकेतल्या जॉब कोर या निवासी प्रशिक्षणात नव्वदच्या दशकात सोडतीने तुलना झाली. चौथ्या वर्षी कमाई सुमारे १२ टक्क्यांनी जास्त होती, पण पुढे प्रवेशावेळी वीस किंवा त्याहून जास्त वय असलेल्यांखेरीज बाकीच्यांच्या बाबतीत ती विरली. वर्षभरानंतरच फाइल बंद केली असती तर ना वाढ दिसली असती ना घसरण.

आपल्याकडे किमान तीन फोन धरा: सहा महिने, एक वर्ष, तीन वर्षं. तिसऱ्याला पैसे उरत नाहीत, म्हणून ते पहिल्याच अंदाजपत्रकात वेगळे काढा. दोन्ही गटांची यादी, तिन्ही नंबरांसह, पासवर्ड लावून एका जबाबदार माणसाकडे ठेवा. दर दिवाळीला शुभेच्छांचा एक मेसेज गेला की कुठला नंबर बंद पडला ते कळतं आणि मामाला फोन लावायला वेळ मिळतो.